म्हातारपण सुखाचं असतं का? वय, सातबारा आणि पासबुकाचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

"साठी ओलांडली की माणूस जास्त सुखी होतो, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय" असा मेसेज आजकाल दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतो. दोन दिवसांनी त्याच ग्रुपवर दुसरा येतो, वृद्धाश्रमाच्या फाटकाशी आईला सोडून गाडीत बसणाऱ्या मुलाचा. गंमत म्हणजे दोन्ही मेसेजना तीच मंडळी हात जोडतात.

मग खरं काय? वय वाढेल तसा माणूस सुखी होतो, की दुःखी?

थोडा इतिहास चाळला तर माझ्या मते उत्तर असं निघतं: नुसत्या वयाने माणूस सुखी होत नाही आणि दुःखीही होत नाही. उद्याची खात्री असेल तर म्हातारपण खरंच निवांत जातं. आणि ही खात्री आभाळातून पडत नाही. ती कायद्याने, आंदोलनाने, सरकारी तिजोरीतून आलेली असते आणि एका वर्षात हिरावलीही जाऊ शकते. पोस्ट लांब आहे. पण घरात कोणी साठीपुढचं असेल, किंवा तुम्ही स्वतः पन्नाशीत असाल, तर वेळ काढून वाचा.

आधी शास्त्र काय म्हणतं ते

डेव्हिड ब्लँचफ्लॉवर आणि अँड्र्यू ऑस्वाल्ड या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००८ साली अनेक देशांतल्या लोकांच्या उत्तरांवरून मांडलं की आयुष्यातल्या समाधानाचा आलेख इंग्रजी 'यू' अक्षरासारखा असतो. तरुणपणी वर, चाळिशी-पन्नाशीच्या सुमारास तळाला, मग पुन्हा चढता. चाळिशीत मुलांची फी, घराचा हप्ता, आईवडिलांचं दुखणं आणि ऑफिसात आपल्यापुढे गेलेला ज्युनिअर, हे सगळं एकदम अंगावर असतं. त्यामुळे आपल्यालाही हे पटतं.

स्टॅनफर्डच्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांनी त्याचं एक कारण सांगितलं. हातात वेळ थोडा उरलाय हे कळलं की माणूस निवड करायला लागतो. नको त्या ओळखी सोडतो, जवळची चार माणसं धरून ठेवतो, फालतू वाद टाळतो. आपल्याकडे म्हातारी माणसं म्हणतात ना, "जाऊ दे रे, आता काय घेऊन जायचंय?" तेच हे.

इथपर्यंत ठीक. पण २०१५ साली अँड्र्यू स्टेप्टो, अँगस डीटन आणि आर्थर स्टोन यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला आणि चित्र बदललं. (डीटन यांना त्याच वर्षी अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया अशा श्रीमंत, इंग्रजी बोलणाऱ्या देशांत तो 'यू' नीट दिसला. जुन्या सोव्हिएत संघातल्या आणि पूर्व युरोपातल्या देशांत मात्र वयाबरोबर समाधान घसरतच जात होतं. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत वयाने फारसा फरकच पडत नव्हता.

आता विचार करा. म्हातारपणी मन शांत होणं हा निव्वळ निसर्गनियम असता, तर तो मॉस्कोत का लागू नाही? इंग्लंडच्या आजोबांचे गुडघेही दुखतात आणि रशियाच्या आजोबांचेही. म्हणजे फरक गुडघ्यांत नाही, दुसरीकडे कुठेतरी आहे.

"पूर्वी म्हाताऱ्यांना मान होता" हे किती खरं?

आपल्या घरापासून सुरुवात करू. पूर्वी एकत्र कुटुंब होतं, वडीलधाऱ्यांचा शब्द चालायचा, साठीला शांत, ऐंशीच्या पुढे सहस्रचंद्रदर्शन. सगळं खरं. पण कोणासाठी?

ज्याच्या नावावर जमीन होती त्याच्यासाठी. घराचा कर्ता पुरुष म्हातारा झाला तरी सातबारा त्याच्या नावावर असायचा. मुलगा, सून, जावई सगळे त्याच्या तोंडाकडे बघायचे. त्या मानात प्रेम होतं, संस्कारही होते, पण सातबाराही होता. ज्याच्याकडे जमीन नव्हती तो बलुतेदार, शेतमजूर हातपाय चालेपर्यंत राबायचा आणि थांबला की लेकाच्या अर्ध्या भाकरीत वाटेकरी व्हायचा.

आणि म्हातारी विधवा? ब्राह्मण आणि इतर काही उच्चवर्णीय घरांत केशवपन, अंगावर आलवण, एकवेळचं जेवण आणि मरेपर्यंत स्वयंपाकघर. तिच्या वयाला कोणी मान दिला? धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला, तो समाज सुखात होता म्हणून नव्हे. हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हयातीपुरता हिस्सा देणारा कायदा १९३७ साली आला आणि पूर्ण मालकी मिळायला १९५६ उजाडलं. म्हणजे आपल्या पणजीच्या पिढीतल्या बहुतेक बायकांचं म्हातारपण दुसऱ्याच्या मर्जीवर गेलं.

म्हणून "हल्लीची पिढी बिघडली" म्हणण्याआधी एवढं लक्षात घ्या, की म्हातारपणाची गोडी तेव्हाही सगळ्यांच्या ताटात नव्हती. कागद ज्याच्या नावावर, त्याच्याच ताटात होती.

पेन्शन जन्माला आली कशी?

नोकरदार आणि मजुरांकडे सातबारा नसतो. कारखाने आले तसा हा प्रश्न युरोपात उभा राहिला. हात चालतायत तोवर पगार, त्यानंतर काय?

पहिलं उत्तर जर्मनीने दिलं. १८८९ साली बिस्मार्कच्या सरकारने म्हातारपणाच्या विम्याचा कायदा केला. मजूर, मालक आणि सरकार तिघांनी पैसे भरायचे. बिस्मार्क काही गरिबांचा कैवारी नव्हता. समाजवादी पक्ष वाढत होता आणि कामगार त्यांच्यामागे जाऊ नयेत म्हणून ही खेळी होती. "बिस्मार्कने निवृत्तीचं वय ६५ ठरवलं" असं सर्रास सांगितलं जातं, ते चूक आहे. मूळ वय ७० होतं, ६५ झालं १९१६ साली. सत्तरी गाठणारे मजूर तेव्हा थोडेच होते. पण "काम थांबल्यावरही हक्काने पैसे" ही कल्पना कायद्यात आली, ती कायमची.

इंग्लंडची गोष्ट जास्त बोलकी आहे. तिथे गरीब म्हाताऱ्यांसाठी वर्कहाउस असायचं. तिथे गेलं की नवरा एका भागात आणि बायको दुसऱ्या, गणवेश, मोजून जेवण. लोक उपाशी राहायचे पण तिथे जायला घाबरायचे. चार्ल्स बूथ यांनी लंडनच्या गरिबीची पाहणी केली तेव्हा दिसलं की आयुष्यभर इमानदारीने राबलेली माणसंसुद्धा निव्वळ म्हातारपणामुळे कंगाल होतात. दारूने नव्हे, आळसाने नव्हे, वयाने.

१९०८ साली तिथे म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा झाला. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरीपुढच्या गरिबांना आठवड्याला ५ शिलिंग मिळू लागले, पोस्टात जाऊन घ्यायचे. एक पैसाही आधी भरलेला नसताना. रक्कम मोठी नव्हती आणि चालचलणुकीच्या अटीही होत्या. तरी खेड्यापाड्यात काय झालं ते फ्लोरा थॉम्सन या लेखिकेने 'लार्क राइज' या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवलंय. म्हातारी माणसं पोस्टात पैसे घेताना रडायची. नुसते पैसे मोजून देणाऱ्या पोस्टातल्या मुलीला बागेतली फुलं आणि झाडाची सफरचंदं आणून द्यायची. अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांना ती 'लॉर्ड' म्हणायची, कारण इतकं मोठं मन लॉर्डशिवाय कोणाचं असणार?

आठवड्याला ५ शिलिंगांनी गुडघे बरे झाले नव्हते. मेलेला नवरा परत आला नव्हता. पण वर्कहाउसची भीती हटली. लेकीच्या घरी राहतानाही आजी आता ओझं नव्हती, घरात चार पैसे आणणारं माणूस होती.

"पैसे कुठून आणणार?" हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. लॉइड जॉर्ज यांनी १९०९ च्या बजेटमध्ये श्रीमंतांवर आणि जमीनदारांवर कर वाढवले. लॉर्डांच्या सभागृहाने बजेटच फेटाळलं. देशभर रण पेटलं, निवडणुका झाल्या आणि १९११ साली कायदा करून लॉर्डांचा पैशांच्या बाबतीतला नकाराधिकारच काढून घेतला गेला. म्हातारीच्या ५ शिलिंगांपायी (आणि हो, लढाऊ जहाजांच्या खर्चापायीही) इंग्लंडची राज्यघटना हलली.

अमेरिका: खात्री वाढली तशी गरिबी घटली

१९२९ च्या मंदीत अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांची आयुष्यभराची बचत बँकांसकट बुडाली. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रान्सिस टाउनसेंड नावाच्या म्हाताऱ्या डॉक्टरने मागणी केली की साठीपुढच्या प्रत्येकाला महिना २०० डॉलर द्या, मात्र ते महिन्यात खर्च करायचे. हिशोब कच्चा होता, पण लाखो लोक मागे उभे राहिले. दबाव असा आला की १९३५ साली रूझवेल्ट यांनी सोशल सिक्युरिटीचा कायदा केला. पहिला मासिक चेक ३१ जानेवारी १९४० ला आयडा मे फुलर या बाईंना मिळाला, २२ डॉलर ५४ सेंटचा. त्या पुढे शंभर वर्षं जगल्या.

त्या कायद्यातही भेद होता. शेतमजूर आणि घरकामगार सुरुवातीला वगळले होते, म्हणजे बहुतेक काळे कामगार बाहेरच राहिले. ते हळूहळू आत आले. मग १९७२ साली एक महत्त्वाची गोष्ट ठरली: महागाई वाढेल तशी पेन्शन आपोआप वाढेल, कोणाच्या पाया पडायला नको. १९७५ पासून ते सुरू झालं.

परिणाम बघा. १९५९ साली अमेरिकेत ६५ पुढच्या दर १०० जणांपैकी सुमारे ३५ जण गरीब होते. आज सुमारे १० आहेत. 'यू' आकाराचा उजवीकडचा जो चढ शास्त्रज्ञ दाखवतात, त्याखाली मनःशांतीबरोबर हा चेकही आहे.

रशिया: खात्री गेली की काय होतं

आता उलटं उदाहरण. सोव्हिएत संघात १९५६ च्या कायद्याने पेन्शन पक्की झाली. पुरुष ६०, बाई ५५. श्रीमंती नव्हती, दुकानात रांगा होत्या, पण म्हातारपण ठरलेलं होतं. पेन्शन, स्वस्त ब्रेड, बसप्रवास, बचत बँकेत चार पैसे.

२ जानेवारी १९९२ ला नव्या रशियन सरकारने किमतींवरचं नियंत्रण उठवलं. त्या एका वर्षात किमती पंचवीसपटीच्या आसपास वाढल्या. आयुष्यभर साठवलेली पुंजी काही महिन्यांत पाव-लोण्याच्या किमतीची झाली. निवृत्त शिक्षिका, इंजिनिअर, युद्धात लढलेले सैनिक मेट्रोच्या दारात घरातली भांडी, पुस्तकं, पदकं विकायला उभे राहिले. पुरुषांचं सरासरी आयुर्मान १९९० मध्ये ६४ च्या जवळ होतं, ते १९९४ पर्यंत ५८ च्या खाली गेलं. त्यात मध्यमवयीन पुरुषांच्या मृत्यूंचा आणि दारूचा मोठा हात होता, पण समाजाखालची जमीनच सरकली होती.

जानेवारी २००५ मध्ये सरकारने मोफत बसप्रवास, औषधांसारख्या सवलती काढून त्याऐवजी थोडे रोख पैसे द्यायचं ठरवलं, तेव्हा भर थंडीत आजी-आजोबा रस्ते अडवून बसले. ज्या देशात विरोधी आवाज फारसा उरला नव्हता, तिथे म्हाताऱ्यांनी सरकारला माघार घ्यायला लावली, पेन्शन वाढवून घेतली.

त्या लोकांना "तुमचं समाधान किती?" असं विचारलं तर आलेख खालीच जाणार. त्यांचं वय नव्हे, त्यांचा भरवसा मोडला होता.

आणि आपण?

आपल्याकडे पेन्शन हा शब्द इंग्रजांबरोबर आला. पहिली मोठी पेन्शन आपण घेतली नाही, दिली. इंग्रज अधिकारी इथे नोकरी करून मायदेशी जायचे आणि त्यांची पेन्शन हिंदुस्थानच्या महसुलातून इंग्लंडला जायची. दादाभाई नौरोजींनी ज्या लुटीचा हिशोब मांडला त्यात ही पेन्शनही होती. म्हणजे १९०९ मध्ये इंग्लंडची म्हातारी पोस्टात आनंदाने रडत होती, तेव्हा इथला शेतकरी इंग्लंडमधल्या निवृत्त साहेबाचं म्हातारपण पोसत होता आणि त्याच्या स्वतःच्या म्हातारपणाला काहीच नव्हतं.

देशी कारकून, मास्तर, मामलेदार यांना मात्र पेन्शन मिळू लागली आणि त्यातून 'पेन्शनरांचं पुणं' तयार झालं. सकाळी फिरायला जाणं, वाचनालय, व्याख्यानमाला, पत्रलेखन. मराठी सार्वजनिक जीवनात या निवृत्त माणसांचा वाटा मोठा आहे. कर्व्यांचंच बघा. अठ्ठावन्नाव्या वर्षी, १९१६ साली, त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. १९३६ मध्ये खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ, १९४४ मध्ये समता संघ. शंभराव्या वर्षी भारतरत्न. दादाभाईंनी १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून स्वराज्य मागितलं तेव्हा ते एक्याऐंशीचे होते. अशी माणसं बघितली की वाटतं, वय म्हणजे नुसता आकडा. पण त्यांना उद्याच्या जेवणाची चिंता नव्हती, हेही विसरू नका.

स्वातंत्र्यानंतर म्हाताऱ्यांच्या रांगा वेगवेगळ्या झाल्या.

पहिली रांग सरकारी नोकरांची. १७ डिसेंबर १९८२ ला सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात सांगितलं की पेन्शन ही भीक नाही, मालकाची मेहेरबानी नाही, तो हक्क आहे. म्हणून हा दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळतात. ही पेन्शन महागाईबरोबर वाढते. पण केंद्रात १ जानेवारी २००४ नंतर आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना ती बंद झाली आणि बाजारावर अवलंबून असलेली नवी योजना आली. मार्च २०२३ मध्ये राज्यातले लाखो कर्मचारी आठवडाभर संपावर गेले, "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत. अनेकांनी त्यांना शिव्या दिल्या. दवाखान्यात, शाळेत लोकांचे हाल झाले हे खरं. पण तिशी-पस्तिशीतली माणसं आपल्या साठीसाठी रस्त्यावर आली होती, हेही खरं.

दुसरी रांग खासगी कामगारांची. प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा १९५२ चा, पण मासिक पेन्शन आली नोव्हेंबर १९९५ मध्ये. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचा. त्यातल्या ज्यांची नोकरी तेव्हाच गेली त्यांना ही पेन्शन मिळण्याचा प्रश्नच नव्हता. फंड, ग्रॅच्युइटी जे काय हाती आलं ते पोरांच्या शिक्षणात, गावच्या घरात, दुखण्यात गेलं. त्या वेळी तिशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या पुढे आहे. १९९५ नंतरच्यांची पेन्शन तरी केवढी? सप्टेंबर २०१४ पासून किमान १,००० रुपये. महागाई भत्ता नाही. अकरा वर्षांत दूध, औषध, एसटी सगळं वाढलं, हा हजार तिथेच.

तिसरी रांग सगळ्यात मोठी. शेतमजूर, घरकाम करणाऱ्या बायका, ऊसतोड कामगार, हमाल, फेरीवाले. यांच्यासाठी केंद्राने १५ ऑगस्ट १९९५ ला महिना ७५ रुपयांची वृद्ध पेन्शन सुरू केली. २००६ मध्ये २०० केली. २०११ मध्ये ऐंशीपुढच्यांसाठी ५०० झाली. साठ ते एकोणऐंशी वयासाठी केंद्राचा वाटा अजूनही २०० रुपयेच. आज २०० रुपयांत गॅसची पाव टाकी येत नाही.

महाराष्ट्रात राज्य भर घालतं. श्रावणबाळ योजनेत महिना १,५०० मिळतात, २०२३ पर्यंत १,००० होते. पण अट बघा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं, म्हणजे दिवसाला ५८ रुपयांहून कमी. २०२४-२५ मध्ये राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. घरातल्या एकाला वर्षात ७१ दिवस काम मिळालं तरी घर मर्यादेबाहेर! मग लोक काय करतात? दाखल्यावर २१ हजारांच्या आतला आकडा लिहून घेतात. आयुष्यभर खोटं न बोललेल्या म्हातारीला हक्काच्या पैशासाठी खोटं बोलायला लावणारी ही अट आहे.

आणि २०१६ साली याच राज्यात माजी आमदारांची पेन्शन महिना ५० हजारांवर नेली. एक टर्म केली तरी चालते. तिथे २१ हजारांची अट नाही.

मग भारतातले म्हातारे दुःखी आहेत का?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण ती माझ्या मांडणीला थोडी आडवी जाते. २०२४ च्या जागतिक आनंद अहवालात भारतातल्या वृद्धांवर वेगळं प्रकरण होतं. त्यात दिसलं की भारतातही वय वाढेल तसं समाधान वाढलेलं लोक सांगतात. म्हणजे सुखी म्हातारपण ही फक्त श्रीमंत देशांची मक्तेदारी नाही.

याचं एक कारण मनाचं शहाणपण आहेच. दुसरं असं की आपली म्हातारी माणसं तक्रार करत नाहीत. अनोळखी माणूस कागद घेऊन आला आणि "समाधानी आहात का?" विचारलं, तर आजी सुनेसमोर काय सांगणार? "देवाच्या दयेने बरं चाललंय."

पण त्याच अहवालात पुढचं वाचा. समाधान सगळ्यात जास्त कशावर अवलंबून आहे? आपण राहतो ती व्यवस्था मनासारखी आहे का, आपल्याला भेदभावाची वागणूक मिळते का, आणि तब्येत कशी आहे, या तीन गोष्टींवर. शिकलेले जास्त समाधानी, न शिकलेले कमी. वरच्या जातींतले जास्त, दलित-आदिवासी कमी. म्हणजे वय सगळ्यांचं सारखंच वाढतं, समाधान सारखं वाढत नाही. जुन्या काळी सातबारा जे ठरवायचा ते आज पासबुक, दवाखाना आणि घरातली वागणूक ठरवते.

"पैशाने सुख मिळत नाही" असं लगेच कोणी लिहील. बरोबर आहे. पाच हजारांची पेन्शन असलेली आजी एकटी असेल तर तिचा दिवस लांबच जाणार. पण कार्स्टेन्सन म्हणतात तशी जवळची माणसं निवडायलाही थोडं स्वातंत्र्य लागतं. लेकीला भेटायला जायचं तर तिकिटाचे पैसे मुलाकडे मागावे लागतात, त्या आजीला निवड कुठली? हात पसरावा लागला नाही की मन मोकळं होतं, एवढंच पैसा करतो. आणि ते थोडं नाही.

आता करायचं काय?

२०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे १० कोटींच्या वर होते. महाराष्ट्रात दर १०० मागे जवळपास १०. आज प्रमाण त्याहून जास्त आहे. एवढ्या मतदारांचा प्रश्न निवडणुकीत नुसत्या तीर्थयात्रेच्या घोषणेवर भागवला जातो, कारण आपण मागत नाही. इंग्लंडच्या, अमेरिकेच्या, रशियाच्या म्हाताऱ्यांनी मागितलं.

मागण्या तीनच, साध्या. केंद्राचे २०० रुपये वाढवा आणि महागाईशी जोडा. खासगी पेन्शनचा हजारही तसाच जोडा. आणि २१ हजारांची अट अशी करा की खोटं न बोलता पाळता येईल.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करूया. गल्लीत, वाडीवर ६५ पुढचं कोणी असेल तर श्रावणबाळचा अर्ज भरलाय का विचारा. अर्ज तहसील कार्यालयात होतो, कागद जमवायला तासभर द्या. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी म्हाताऱ्यांना बँकेत तासन् तास बसवतात, कष्टाने झिजलेल्या बोटांचा ठसा मशीन घेत नाही. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला होतो, त्यांना तो करून द्या. मुलं विचारत नसतील तर २००७ चा कायदा आहे, प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, पोटगी मिळते. आणि आईवडिलांना एक सांगा: जिवंतपणी घर-जमीन मुलांच्या नावे केलीच, तर दस्तात सांभाळण्याची अट लिहून घ्या. पुढे कोर्टात उपयोगी पडते.

"म्हातारपण सुखाचं असतं का?" असं कोणी विचारलं तर त्याला उलट विचारा: कोणाचं?

तुमच्या गावात किती जणांना श्रावणबाळचे पैसे वेळेवर मिळतात आणि किती जणांचे अर्ज उत्पन्नाच्या दाखल्यावर अडलेत, ते गाव-तालुक्यासकट कमेंटमध्ये लिहा. नावं नकोत, आकडे पुरेत. यादी झाली की तहसीलला निवेदन देऊ.